आधी पोच, मग थांब, मग पड : आइस हॉकीचं गोलरक्षण नाशकातल्या कोरड्या रिंकवर शिकताना

रविवारी सकाळी नवा मुलगा पॅड चढवून गोलमध्ये उभा राहतो आणि पहिला फटका यायच्या आतच गुडघ्यांवर बसलेला असतो. मोबाइलवर त्यानं तेच पाहिलेलं असतं. गोलकीपर धपकन खाली, दोन्ही पाय फाकलेले, पक (या खेळातली रबराची चकती) पॅडवर. त्याआधीचा अर्धा सेकंद व्हिडिओत कोणी बघत नाही. त्या अर्ध्या सेकंदात तो गोलकीपर सरकून जागेवर आलेला असतो, थांबलेला असतो, आणि मग पडलेला असतो. आमची पोरं तिसरी गोष्ट आधी शिकून येतात आणि पुढचं वर्षभर आम्ही ती सवय सोडवत बसतो.

म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. टप्पे याच ओळीनं घ्या. एखादा जमला नाही तर पुढचा घेऊ नका, कारण पुढचा टप्पा मागच्याच्या खांद्यावर उभा असतो.

आपली अडचण उघड आहे. निफाडचा पारा कितीही घसरला तरी नाशकात बर्फाची रिंक नाही. आपल्याकडे आहे ती इनलाइन (एका ओळीत चाकं असलेल्या) स्केट्सची सिमेंटची रिंक, शाळेचा हॉल आणि सोसायटीचं पार्किंग. यातल्या कशावर काय शिकता येतं आणि काय मुळीच येत नाही, ते त्या-त्या ठिकाणी सांगतो.

मापं एकदा डोक्यात बसवून घ्या. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. पक ३ इंच व्यासाचा, १ इंच जाड, वजन साधारण १६० ग्रॅम. ताशी १०० किलोमीटरनं मारलेला पक ९ मीटरवरून गोलपर्यंत यायला एक तृतीयांश सेकंदही घेत नाही. त्यातला ०.२ सेकंद तर नुसतं दिसून हात हलेपर्यंतच जातो. फटका बघून मग जागा घेऊ म्हणणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

टप्पा १ : सामान अंगावर बसवणं

इथली सगळ्यात मोठी चूक क्रिकेटमधून येते. क्रिकेटचं पॅड पायाला घट्ट आवळायचं असतं, तसंच मुलं हॉकीचं पॅडही आवळतात. हॉकीच्या पॅडला पायाभोवती फिरायचं असतं. गुडघे टेकले की पॅडचा दर्शनी भाग समोर यावा, आडवा पडावा आणि गुडघा आतल्या गादीवर टेकावा. पट्टे आवळले की पॅड पायाबरोबरच वळतं, दर्शनी भाग जमिनीकडे बघतो आणि पक पॅडवरून थेट गोलमध्ये जातो.

बांधायचा क्रम असा. बुटाच्या टोकाची दोरी किंवा इलॅस्टिक आधी, आणि त्यात दोन-तीन बोटं जाईल एवढी ढील. मग गुडघ्यामागचा पट्टा, तो जरा नीट बसलेला. पोटरीचे पट्टे शेवटी, आणि ते सैल. बकलं बाहेरच्या बाजूला.

पॅडच्या आत गुडघ्याला वेगळे नी-गार्ड हवेतच. पॅड वळल्यावर मांडी आणि गुडघ्याच्या मधली जागा उघडी पडते, आणि सिमेंटवर ती जागा पहिल्या दिवशीच सोलते.

काठी धरताना हात रुंद भागाच्या वरच्या टोकाला, जिथे बारीक दांडा सुरू होतो तिथे. उभं राहिल्यावर पातं जमिनीला पूर्ण टेकलेलं हवं. पात्याचं टोक उचललं जात असेल तर काठी मोठी आहे, टाच (दांड्याकडची बाजू) उचलली जात असेल तर छोटी. मोठ्या भावाची काठी कापून चालवू नका. दांडा कापला तरी रुंद भागाची उंची तीच राहते, आणि छोट्या मुलाचा खांदा वर ढकलला जातो.

तपासून पाहा : पॅड बांधून मऊ मॅटवर दोन्ही गुडघे टेका. कोणाला तरी समोरून फोटो काढायला सांगा. दोन्ही पॅडचा दर्शनी भाग फोटोत पूर्ण दिसला पाहिजे. तिरका दिसला तर पोटरीचा पट्टा एक भोक सैल करा आणि पुन्हा टेका.

सावध : मास्क आणि गळ्याचं संरक्षण यात काटकसर नको. क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी यासाठी नाही, तिच्यातून काठीचं टोक जातं. टेनिस बॉलवर सराव असला तरी हेल्मेट काढू नका. एकदा सूट दिली की ती कायमची होते.

टप्पा २ : उभं राहणं

दोन आठवडे फक्त हेच करा म्हटलं की पालक माझ्याकडे संशयानं बघतात. बघू देत.

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद. भार टाचांवर नाही, पावलाच्या पुढच्या उंचवट्यावर आणि आतल्या बाजूला. गुडघे वाकलेले आणि किंचित आत. कमरेतून थोडं पुढे, पण छाती समोर दिसेल इतकी वर. समोरच्याला तुमच्या जर्सीचा नंबर वाचता आला पाहिजे. काठीचं पातं पायांच्या पुढे साधारण फूटभर. पायाला चिकटवलं तर पक काठीला लागून पायांच्या मधून आत जातो, कारण काठीला मागे दबायला जागाच नसते.

हात पुढे. नजर न हलवता दोन्ही ग्लोव्ह डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले पाहिजेत. पकडायचा ग्लोव्ह उघडा, तळहात पककडे. हात मिळवायला पुढे करतो तसा, पण थोडा बाहेर. ब्लॉकर, म्हणजे काठीच्या हातातला सपाट पाटीचा ग्लोव्ह, तोही पुढेच. बहुतेक मुलं कोपर बरगडीला चिकटवतात. तसं केल्यानं हाताला जायला एकच दिशा उरते आणि काखेखालची फट उघडी पडते.

चार चाकांच्या रोलर हॉकीतून आलेल्या मुलांना आणखी एक सवय असते, चेंडू आला की खाली बसून तो अडवायचा. त्या खेळात ते बरोबर आहे. इथे गोल ४ फूट उंच आहे आणि पक उचलून मारतात. बसलात की वरचे दोन्ही कोपरे तुम्हीच देऊन टाकले.

तपासून पाहा : मुलगा उभा असताना त्याच्या खांद्याला बाजूनं हलका धक्का द्या. तो पाऊल न टाकता सावरला तर भार बरोबर आहे. मागून कोणीतरी टाचेखाली कागद सरकवून बघा. कागद सहज गेला पाहिजे, पण टाच उंच उचललेली नको.

टप्पा ३ : उभ्यानं सरकणं

आता पाय. इथे बर्फ आणि चाकं यांत फरक पडतो आणि तो न सांगता शिकवलं तर मुलगा पुढे फसतो.

बर्फावर गोलकीपरच्या तीन हालचाली असतात. पुढे-मागे जायला एका पायानं अर्धगोल कापत जाणं, त्याला सी-कट म्हणतात. छोट्या अंतरावर आडवं जायला शफल : दोन्ही पावलं समोरच बघतात, मागचा पाय ब्लेडच्या आतल्या धारेनं ढकलतो आणि पुढचा पाय घसरत जातो. मोठ्या अंतरासाठी टी-पुश : जायचं त्या बाजूचा पाय त्या दिशेला वळवायचा, दुसऱ्यानं आतल्या धारेनं जोरात ढकलायचं, वळवलेल्या पायावर सरकायचं आणि तोच पाय पुन्हा समोर वळवून त्याच्या आतल्या धारेनं थांबायचं.

इनलाइन स्केट्सवर सी-कट आणि टी-पुश जमतात. शफल जमत नाही, कारण चाक आडवं घसरत नाही. मुलं मग ठुमकत-ठुमकत पावलं टाकतात आणि त्यालाच शफल समजतात. ते चाकांवर शिकवूच नका. स्केट्स काढून, गुळगुळीत फरशीवर मोजे घालून शिकवा. ते जास्त खरं आहे.

सराव असा. खडूनं ६ फुटांचा गोल आखा, समोर अर्धगोल क्रीज (गोलकीपरची हद्द) काढा. क्रीजच्या कडेवर पाच खुणा. तुम्ही खुणेचा नंबर ओरडायचा, मुलानं तिथे जायचं आणि थांबायचं. क्रम असा : आधी डोकं वळतं, मग काठी आणि हात, मग पाय. आमच्याकडची मुलं आधी पाय हलवतात आणि नजर मागून येते. पक मात्र नजर येईपर्यंत थांबत नाही.

थांबणं हाच या टप्प्याचा जीव आहे. सरकत असताना आलेला फटका अडवायला गेलं की पाय उघडे असतात आणि पक मधून जातो. मुलाला मोठ्यानं म्हणायला लावतो, "पोचलो, थांबलो." एकदा एकानं विचारलं, "सर, मॅचमध्ये पण म्हणायचं का?" म्हटलं, मनात म्हण, पण थांब मात्र खरंच.

तपासून पाहा : थांबल्यावर लगेच एक फोटो. छाती पककडे आहे का? काठी जमिनीवर आहे का? सरकताना काठी उचलली जाणं ही जवळपास सगळ्यांची चूक, आणि ती स्वतःला कधीच कळत नाही.

टप्पा ४ : कोन आणि खोली, सुतळी घेऊन

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सराव हाच. सुतळीचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकी १२ मीटर. एकेक टोक दोन्ही खांबांना खाली बांधा. उरलेली दोन्ही टोकं एकत्र आणून पक ठेवलाय तिथे विटेखाली दाबा. जमिनीवर एक लांब त्रिकोण तयार होतो. पकला गोलमध्ये जायचं तर याच त्रिकोणातून.

आता गोलकीपरला गोलच्या रेषेवर उभं करा. दोन्ही बाजूंना केवढी मोकळी जागा दिसते ते त्याला स्वतःला बघू द्या. मग अर्धा मीटर पुढे आणा. मग आणखी. सुतळ्या त्याच्या अंगाकडे येतात.

हिशेब साधा आहे. पक ९ मीटरवर असेल तर रेषेवर उभ्या माणसाला पूर्ण १.८३ मीटर रुंदी झाकावी लागते. दीड मीटर पुढे आल्यावर तेच काम साधारण १.५३ मीटरवर येतं. उंचीचंही तसंच : १.२२ मीटरचं १.०२ होतं. बारा वर्षांचा मुलगा उंच होत नाही, पण दीड मीटर पुढे येऊन गोल छोटा करू शकतो.

मग नेहमीच पुढे का नाही उभं राहायचं? कारण समोरच्यानं आडवा पास दिला की पुढे आलेल्याला जास्त अंतर सरकावं लागतं. सुतळीची वीट दोन मीटर बाजूला सरकवा आणि मुलाला नव्या त्रिकोणाच्या मधोमध जायला सांगा. किती पावलं लागली ते मोजा. मग तेच रेषेजवळून. हा सौदा त्याच्या पायांना कळला की तोंडी सांगावं लागत नाही.

सुरुवातीला ढोबळ नियम पुरे. एकटा मारणारा, लांबून : क्रीजच्या वरच्या कडेवर. पास देण्याची शक्यता : क्रीजच्या मध्यावर. पक गोलच्या रेषेच्या आसपास किंवा मागे : खांबाला लागून.

इथली चूक अशी, की मुलगा मारणाऱ्याच्या छातीसमोर उभा राहतो. पक छातीसमोर नसतो, काठीच्या टोकाला असतो, म्हणजे दोन-तीन फूट बाजूला. उजव्या हाताचा आणि डाव्या हाताचा खेळाडू एकाच जागेवर उभा असला तरी गोलकीपरची जागा बदलते.

तपासून पाहा : मोबाइल जमिनीवर, पकच्या जागी, कॅमेरा गोलकडे करून ठेवा आणि फोटो काढा. पकला दिसतं ते हे. उभ्या माणसाच्या डोळ्यांना वरचे कोपरे मोकळे वाटतात, पकला ते बरेचसे झाकलेले दिसतात. एकाच फोटोत मुलाची घाबरण्याची अर्धी कारणं जातात.

टप्पा ५ : डोळे आणि हात

टेनिस बॉल, कंपाउंड वॉल आणि अर्धा तास. चेंडूंवर मार्करनं आकडे लिहा. भिंतीवरून उडालेला चेंडू पकडताना आकडा ओरडायचा. आकडा चुकला तर डोळे चेंडू ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत टिकले नाहीत. हनुवटी खाली येऊन नजर ग्लोव्हमध्ये जायला हवी. डोकं वर राहिलं तर हातही अर्धवट थांबतो.

पकडायचं शरीराच्या पुढे. क्रिकेटवाली मुलं इथे दोन चुका हमखास करतात. एक, चेंडू अंगाजवळ घेत हात मागे ओढतात. इथे मागे गोल आहे. दुसरी, दोन्ही हात एकत्र आणतात. ग्लोव्हकडे ब्लॉकर गेला की दुसरी बाजू सताड उघडी.

ब्लॉकरनं ठोसा मारायचा नाही. मनगट वळवून पकला कोपऱ्याची वाट दाखवायची. बस.

टप्पा ६ : आता गुडघे

इथपर्यंत यायला आम्हाला दोन ते अडीच महिने लागतात. घाई करणाऱ्यांना मी पुन्हा टप्पा ३ वर पाठवतो.

आधी एक शब्द सोडवू. बटरफ्लाय ही हालचाल आहे आणि शैलीही. गुडघे टेकून पॅड दोन्हीकडे पसरून खालचा भाग बंद करणं, ही हालचाल. जवळजवळ प्रत्येक फटक्याला तेच उत्तर देणं, ही शैली. हालचाल सगळ्यांनी शिकायची आहे. शैलीचं पुढे बघू.

पॅड न बांधता सुरुवात करा, जाड मॅटवर. खुर्चीच्या कडेला बसा, गुडघे जुळवा आणि पावलं बाहेर न्या. पावलं जिथपर्यंत सहज जातात, तेवढाच तुमचा नितंबाचा सांधा आज वळतो. बटरफ्लाय तितकाच रुंद करायचा. रुंदी सांध्यातून येते, गुडघ्यातून नाही.

सावध : रुंदी वाढवायला पाठीवर मित्राला बसवणं, गुडघे जमिनीला दाबणं, दुखत असताना "थोडं अजून" करणं, हे सगळं बंद. वाढत्या वयातल्या मुलांच्या नितंबाच्या सांध्यावर या हालचालीचा ताण येतो. जांघेत किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचलं तर त्या दिवशी थांबा. दोन-तीन दिवसांनीही राहिलं तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, मालिशवाल्याकडे नको.

पडायचा क्रम :

१. उभी स्थिती, पूर्ण थांबलेली.
२. गुडघे सरळ खाली, एकमेकांकडे. पाय बाहेर फेकायचे नाहीत. गुडघे खाली गेले की पाय आपोआप बाहेर जातात.
३. दोन्ही गुडघे एकाच वेळी टेकतात. एकाच आवाजात. दोन आवाज आले म्हणजे एक बाजू उशिरा बंद झाली.
४. काठीचं पातं गुडघ्यांच्या मधल्या फटीसमोर.
५. हात पॅडच्या वर, पुढे. पॅडवर ठेवलेले नाहीत.
६. नितंब टाचांवर नाही. मांड्या उभ्या, छाती वर.

शेवटच्या दोन ओळींवर बहुतेक गोल होतात. नमाजाला किंवा वज्रासनात बसतो तसा मुलगा टाचांवर बसतो, उंची फूटभर कमी होते आणि वरचा कोपरा मोकळा. शिवाय टाचांवर बसलेल्याला ढकलून सरकता येत नाही.

आठ-आठ वेळा, तीन फेऱ्या, मध्ये विश्रांती. सिमेंटवर कधीच नाही. शंभर वेळा पडून दाखवणाऱ्या मुलाचं कौतुक करू नका.

तपासून पाहा : मुलगा उभा असताना त्याच्या डोक्यावर पुस्तक ठेवा. पडताना पुस्तक सरळ खाली आलं पाहिजे. पुढे पडलं तर तो कमरेतून मोडतोय.

टप्पा ७ : खाली असताना सरकणं आणि उठणं

हे कोरड्या सिमेंटवर शिकता येत नाही. पॅड चिकटतं, फाटतं आणि मुलगा उगाच ताकद लावायला शिकतो. त्यासाठी आम्ही एक पाट केला. इंदिरानगरात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो अजून भिंतीला टेकवलेला असतो आणि वॉचमन काका त्याला "बर्फ" म्हणतात.

प्लायवूडचा ८ बाय ४ फुटांचा पूर्ण ताव, वर १ मिलिमीटरची सनमायका. गोलची रुंदी ६ फूट, म्हणजे दोन्हीकडे एकेक फूट उरतो. खांबांच्या जागी रंगीत टेप लावा. दोन्ही आखूड कडांना दोन इंच उंच लाकडी पट्टी ठोका, पाय टेकवून ढकलायला. सनमायका गुळगुळीत, चकचकीत घ्या. आमच्या सुताराला सांगायचं राहिलं, त्यानं मॅट फिनिशची लावली, आणि पहिला पाट कुणाच्या तरी डायनिंग टेबलाखाली गेला. खाली जुने सायकलचे ट्यूब पसरा, नाहीतर पाटच सरकतो. वर फडक्यानं सिलिकॉन स्प्रे पुसून घ्या.

सावध : पाटावर कोणीही चपला-बूट घालून उभं राहू नये. खडा आला की सनमायका चरते आणि मग पॅडही. सराव झाला की पाट उभा करून ठेवा, पार्किंगमध्ये लहान मुलं असतात.

उजवीकडे जायचं असेल तर डावा पाय उठतो. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. पंगतीतून उठताना आपण जवळचा, सोयीचा पाय आधी उचलतो. गोलमध्ये तो चुकीचा. लांबचा पाय उठतो, त्याची आतली धार रोवली जाते आणि तोच ढकलतो. जवळच्या बाजूचं पॅड आडवंच राहतं आणि त्यावर तुम्ही सरकता. त्यामुळे जाताना खालची बाजू बंद राहते.

क्रम तोच जुना : डोकं, हात, पाय. नजर नव्या जागेवर गेल्याशिवाय ढकलायचं नाही. आणि ढकलल्यावर मागचं पॅड लगेच ओढून जवळ आणायचं. ते मागे रेंगाळलं की दोन गुडघ्यांच्या मधली फट दाराएवढी होते.

पाटावर एका बाजूला दहा मिनिटं पुरे. दोन्ही बाजू सारख्या करा. मुलाला आवडते ती बाजू तो आपणहून करतोच, नावडती तुम्हाला करून घ्यावी लागते.

टप्पा ८ : अडवल्यानंतरचा पक

पहिला फटका अडवून गोलकीपर टाळ्यांकडे बघतो आणि दुसऱ्यावर गोल होतो. आमच्याकडे दर शनिवारी होतं.

पक तीन ठिकाणी जाऊ शकतो : तुमच्या अंगाखाली, कोपऱ्यात, किंवा समोर मधोमध. तिसरं सोडून काहीही चालेल. छातीवर आलेला पक ढकलायचा नाही, कवेत घ्यायचा. खांदे पुढे मिटायचे आणि वरून ग्लोव्ह. काठीवर आलेला जमिनीवरचा पक पातं थोडं तिरकं करून कोपऱ्यात पाठवायचा. पॅडवर आलेला पक जोरात उडतो, म्हणून पॅड कोणत्या दिशेला बघतंय तेच महत्त्वाचं.

पक दाबायचा तर ग्लोव्ह वरून टाका, बाजूनं ओढू नका. ब्लॉकर आणि काठी ग्लोव्हसमोर आडवी घ्या. बोटांवर काठ्या बसतात.

टप्पा ९ : खांबाशी

पक गोलमागे किंवा कोपऱ्यात असेल तेव्हाच हा टप्पा. खांबाला खेटून उभं राहणं आधी : खांबाकडचा पाय, नितंब आणि खांदा खांबाला लागलेले, मधून हवाही जाऊ नये.

मग गुडघा टेकून खांब बंद करायच्या दोन पद्धती. एकीत खांबाकडचं पॅड उभं आणि दुसरं आडवं. दुसरीत उलट : खांबाकडचं पॅड रेषेवर आडवं, बुटाचा आधार खांबाला, आणि लांबचा पाय उभा, ढकलायला तयार. दुसरी आज सर्रास दिसते. तिचा फायदा असा, की पक समोर गेला तर तुम्ही ढकलून लगेच निघू शकता. तोटा असा, की खांदा खाली गेल्यामुळे खांबाच्या बाजूचा वरचा कोपरा उघडा पडतो. पक चार-पाच मीटरवर, मारायच्या तयारीत असताना ही स्थिती घेणं म्हणजे आमंत्रण. पक अगदी जवळ आणि अगदी अरुंद कोनात असेल तरच टेका, नाहीतर उभे राहा.

मग शैली कोणती?

हा प्रश्न मुलं पहिल्या दिवशी विचारतात आणि उत्तर इथे द्यायला लागतं. ढोबळमानानं तीन : बहुतेक उभ्यानंच अडवणारी, बहुतेक बटरफ्लायनं अडवणारी, आणि दोन्ही मिसळणारी. आजच्या वरच्या दर्जाच्या खेळात पाया बटरफ्लायचाच असतो, कारण बरेच गोल खालून होतात. उंच, सांधे मोकळे असलेल्या मुलाला ती फावते. बुटक्या पण पायानं चपळ मुलानं थोडं पुढे येऊन, जास्त वेळ उभं राहून खेळावं. ज्याचे सांधे वळत नाहीत त्याच्यावर बटरफ्लाय लादू नका. लोळून, पाय-हात फेकून अडवणं ही वेगळी शैली म्हणून शिकवू नका. बाकी सगळं फसलं की ते आपोआप येतं.

टप्पा १० : खऱ्या बर्फावर पहिला दिवस

डेहराडूनच्या बंदिस्त रिंकवर जा किंवा हिवाळ्यात लेहला, तयारी वेगळी आहे. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, नाशिक ६०० च्या आसपास. पोचल्यावर किमान दोन दिवस नुसती विश्रांती, भरपूर पाणी, पायऱ्यासुद्धा हळू. तिसऱ्या दिवशीही पॅड घालून धाप लागली तर बाहेर या. डोकं ठणकत असेल, मळमळत असेल तर रिंक विसरून डॉक्टरकडे जा.

स्केट्सना आधी धार लावून घ्या. नव्या ब्लेडला बहुतेक वेळा धार नसते. गोलकीपरचं ब्लेड खेळाडूच्यापेक्षा सपाट आणि लांब असतं, म्हणून धार लावणाऱ्याला "गोलीचे आहेत" असं स्पष्ट सांगा. नाहीतर तो खेळाडूंसारखा गोलवा देतो आणि उभं राहताना पाय पुढे-मागे डुलतात.

पहिला तास एकही फटका घेऊ नका. माझा पहिला दिवस लेहमध्ये असा गेला : टी-पुश मारला, सिमेंटवर लावायचो तेवढाच जोर, आणि खांब मागे टाकून थेट जाळीच्या बाहेर. चाकं जे घर्षण फुकट देतात ते बर्फ देत नाही. म्हणून आधी फक्त थांबणं. अर्ध्या जोरानं ढकला, पुढच्या पायाच्या आतल्या धारेनं थांबा, बर्फ खरवडल्याचा आवाज आला पाहिजे. मग शफल, जो चाकांवर कधी केलाच नव्हता. मग गुडघे टेकून सरकणं. तिथे उलट सुखद धक्का बसतो, पॅड स्वतःच धावतं. शेवटच्या वीस मिनिटांत हळू फटके, तेही जमिनीवरून.

बर्फावरून बाहेर येताच ब्लेड कोरड्या फडक्यानं पुसा. चालायचे प्लास्टिक गार्ड काढून ठेवा, ओल्या गार्डमध्ये ब्लेड बंद करून बॅगेत टाकलं की रेल्वे मनमाडला येईपर्यंत तांबूस गंज चढलेला असतो. पॅड आणि ग्लोव्ह पंख्याखाली उघडे वाळवा, हीटरला चिकटवून नाही. आणि जून ते सप्टेंबर नाशकात बॅगेची चेन कधीच बंद ठेवू नका. बुरशीचा वास एकदा ग्लोव्हमध्ये शिरला की कितीही उन्हं दाखवा, जात नाही.